बुटक्यांचे उंच घोडे

आमच्या घराण्यात कोणी उंच माणूस होऊन गेल्याचं मी कधी ऐकलं नाही. आजा बुटका, आबा बुटके, आबांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही मोठेबाबा म्हणायचो, ते आबांपेक्षाही बोटभर कमी, आणि मी तर सोळाव्या वर्षीच वाढायचा थांबलो. याचं कोणाला काही वाटत नसे. वलगावच्या काळ्या जमिनीत दिवसभर वाकून निंदण करायला उंची लागत नाही. उलट उंच माणसाची कंबर आधी जाते, असं माय म्हणायची. बुटकेपणाची लाज आमच्या घरात शिरली ती कापसाबरोबर. कुठल्यातरी दूरच्या मुलखात लोकांची आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि आमच्या वावरातल्या बोंडाला असा भाव आला की ज्यांनी जन्मात आरसा पाहिला नव्हता त्यांच्या घरी आरसे आले. आरशात पाहिल्यावर या लोकांना स्वतःत पहिली उणीव दिसली ती उंचीची. अकलेची दिसली असती तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं.

आजकालची शिकली-सवरलेली माणसं त्या दिवसांबद्दल मोठ्या कौतुकाने बोलतात. गाड्यांच्या चाकांना म्हणे चांदीच्या धावा होत्या. मी काही त्या पाहिल्या नाहीत, आणि सांगणाऱ्यांपैकीही कोणी पाहिलेल्या नाहीत. मी पाहिलं ते वेगळंच. पहाटेपासून घराघरांतून सरकी काढायच्या लाकडी चरक्यांची करकर चालायची, ती दिवेलागणीपर्यंत. हवेत कापसाची कुसं तरंगायची, ती पाण्याच्या घड्यात पडायची, भाकरीच्या पिठात पडायची, म्हातारी माणसं खोकून खोकून बेजार व्हायची. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि वर लसणाचा ठेचा, यावर ज्यांच्या पिढ्या वाढल्या त्यांनी रोज गव्हाच्या पोळ्या खायचा नेम धरला आणि पोट धरून बसले. आमच्याकडेही पोळ्या सुरू झाल्या. माय त्या कशातरी लाटायची आणि स्वतःसाठी चुलीमागे एक भाकर ठेवायची. मी ती चोरून खायचो, कारण पोळ्या कातड्यासारख्या व्हायच्या. पण शेजारी वास गेला पाहिजे म्हणून आबा त्यांच्यावर तूप ओतायला लावायचे.

पोळ्यांनंतर घोडे आले. त्याआधी गावात घोडा म्हणजे तट्टू. भीमथडीकडचं, ठेंगणं, रुंद पाठीचं, चिवट जनावर. ते माणसाला वावरात न्यायचं, बाजारात न्यायचं, आणि तिथे शेपटीने माशा हाकत उभं राहायचं. आता काठेवाडी घोडे हवेत असं ठरलं. हे कोणी ठरवलं ते मला आजवर कळलेलं नाही. आमच्या गल्लीत रामजी नावाचा एक जण होता, डोक्यावरचं पागोटं धरूनही आबांच्या कानाएवढा भरायचा. त्याने सगळ्यात आधी उंच घोडा आणला, आणि तीन दिवस तो घोडा नुसता दारात बांधून ठेवला, कारण त्याला त्यावर चढता येईना. चौथ्या दिवशी गवंडी आला. रामजीच्या दारासमोर कमरेएवढा दगडी ओटा झाला, त्याला दोन पायऱ्या, आणि मग रामजी ओट्यावर चढून घोड्यावर बसू लागला. याची गावाला लाज वाटायला हवी होती. गावाने काय करावं, तर वर्षभरात तसेच आणखी दहा ओटे बांधले. ज्याच्याकडे घोडा नव्हता अशाही एकाने ओटा बांधून घेतला, म्हणजे लोकांना वाटावं की घोडा बाहेर गेला आहे.

ओट्यावरून चढता येतं, पण उतरल्यावर पुन्हा चढायला ओटा बरोबर नेता येत नाही, ही एवढीशी गोष्ट त्यांच्या ध्यानात फार उशिरा आली. मग त्यांनी उतरणंच सोडून दिलं. वावरात गेले तर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घोड्यावर बसल्या बसल्या मजुरांवर ओरडायचे. म्हातारी माणसं वाटेत भेटली तर वरूनच हात जोडायचे. मारुतीच्या पारासमोर ज्यांचे बाप चपला काढून पायी चालले, ते हे लोक खोगिरावरून मान तुकवून पुढे जायचे, आणि वर म्हणायचे की देवाला मन लागतं. तहान लागली तर कोणी पाणी आणून देईपर्यंत विहिरीपाशी ताटकळत बसायचे. मी हे सगळं पाहायचो आणि मला त्यांची किळस यायची. अजून येते.

आमच्या आजाचं याबाबतीत स्वतःचं माप होतं. आजाला घोड्यांची पारख होती, आणि बुटक्या माणसाने घोडा कसा घ्यावा हे तो असं सांगायचा की पुन्हा विचारायला नको. घोड्याशेजारी उभं राहायचं. खोगीर आपल्या छातीच्या वर जात असेल तर तिथूनच परतायचं. मग रिकीब काखेत धरून हात लांब करायचा, बोटं खोगिराला टेकली पाहिजेत. घोडा पोटात फार रुंद नको, नाहीतर आखूड पायांची पकड बसत नाही आणि माणूस वर नुसता ठेवलेला राहतो. आणि हे सगळं जुळलं तरी खरी परीक्षा पुढेच होती. घोडा नांगरलेल्या वावरात न्यायचा, जिथे दगड नाही, पार नाही, बांध नाही. तिथे तीनदा उतरायचं आणि तीनदा चढायचं. तिसऱ्या खेपेला दम लागला किंवा कोणाचा हात लागला, तर घोडा परत करायचा. याच मापाने आजाने आमची भुरी घोडी घेतली होती. ती आजानंतरही पुष्कळ वर्षं चालली. आबा आणि मोठेबाबा दोघेही तिच्याच पाठीवर घोडा शिकले, आणि मीही.

मोठेबाबांबद्दल इथे सांगायला हवं, कारण आमच्याकडे उंच घोडा आला तो त्यांच्यापायी. ते सासुरवाडीची जमीन पाहायला अकोल्याला जाऊन राहिले होते. आजा गेला तेव्हा पावसाचे दिवस होते, नद्यांना पूर होते, आणि निरोप पोचून मोठेबाबांना यायला वेळ लागला. गावातल्या जाणत्यांनी सांगितलं की आता थांबता येणार नाही, आणि आबांनी पाणी पाजलं, आबांनीच अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठेबाबा चिखलाने माखून दारात उभे राहिले. थोरल्या मुलाचा मान धाकट्याने घेतला होता. ते ओरडले नाहीत. एक रात्र थांबला असता तर बाप काही उठून गेला नसता, एवढंच म्हणाले, आणि घरात पाऊल न टाकता आल्या वाटेने परत गेले. त्यानंतर नऊ वर्षं दोघे भाऊ एकमेकांना भेटले नाहीत. आबा त्यांचं नाव काढत नसत, पण पातोड्यांचा रस्सा झाला की पहिल्या घासाला थांबायचे. मोठेबाबांना तो फार आवडायचा, हे मला मायने सांगितलं होतं.

आणि मग कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याला गेलेला आमचा गाडीवान एक दिवस निरोप घेऊन आला. मोठेबाबा त्याला बाजारात स्वतःहून शोधत आले होते, दम्याने त्यांना धड बोलवत नव्हतं. निरोप असा होता, "लहान्याले म्हना, मले आता चालवत नाई. येकदा येऊन जाय. मी वेशीपर्यंत येईन घ्याले." आबांनी तो गाडीवानाकडून तीनदा वदवून घेतला. मग ते परसात गेले आणि बराच वेळ तिकडेच होते. माय पदराने डोळे पुसत होती आणि हसतही होती. नऊ वर्षांचं भांडण मिटायला दुसरं काही लागणार नव्हतं. जायचं, पाया पडायचं, एका ताटात जेवायचं. भुरी होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो असतो तर या प्रकरणाला लिहिण्यासारखं काही उरलं नसतं.

पण आबांच्या डोक्यात आलं की नऊ वर्षांनी भावाच्या दारी तट्टूवर कसं जायचं. अकोल्याचे लोक काय म्हणतील. मोठेबाबांचे सासरचे काय म्हणतील. मला घेऊन ते अमरावतीला गेले. परकोटाच्या बाहेर घोड्यांचे सौदागर उतरलेले असत. त्यातला एक लबाड माणूस मला अजून दिसतो, मेंदी लावलेली दाढी आणि डोळ्यांत सुरमा. त्याने आपले घोडे भिंतीच्या पडक्या भागाला लागून बांधले होते. पायाखाली दगडमातीचा ढीग होता, त्यामुळे गिऱ्हाईक आपोआप हातभर वर उभं राहायचं आणि घोडा त्याच्या बेताचा वाटायचा. आबांना तिथे काठेवाडी घोड्याचं खोगीर बरोबर छातीशी लागलं. शेजारी एक तांबडं भीमथडीचं तट्टू होतं, आजाने पाहिलं असतं तर त्याला हात लावल्यावाचून पुढे गेला नसता. मी तिकडे बोट दाखवलं. सौदागर माझ्याकडे न पाहता आबांना म्हणाला, "पाटील, टट्टू तो धोबी भी रखता है. रिकाब दो छेद ऊपर ले लेंगे, बस." आबा काही पाटील नव्हते. पण पाटील म्हटल्यावर त्यांची मान जी ताठ झाली ती घरी येईपर्यंत तशीच राहिली. रिकीब वर घेतली, आबा ढिगाऱ्यावरून चढले, आणि काखेत रिकीब धरून पाहायचं त्यांना सुचलं नाही. की सुचलं आणि त्यांनी ते मुद्दाम केलं नाही, हे आता कोणाला विचारू.

परवा माझा नातू इथे अमरावतीत सायकल घ्यायला गेला तेव्हा मी बरोबर गेलो होतो. नातूही आमच्याच वळणावर गेलेला आहे, म्हणजे बुटका. दुकानदाराने त्याच्यासमोर उंच चौकटीची सायकल आणून उभी केली. मी म्हटलं, आधी मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर उभा राहा, टाचा टेकतात का पाहा. टाचा कुठल्या टेकायला, पोरगं चवड्यांवर नाचत होतं. दुकानदार म्हणाला, सीट खाली करून देतो, काही अडचण नाही. मला त्या सौदागराची सुरम्याची नजर आठवली. अहो, सीट खाली आली तरी दांडा खाली येतो का. हँडल जवळ येतं का. पोराला पुढे ओणवं होऊन हँडल गाठावं लागतंय, आणि थांबायची वेळ आली की दांड्यावर आपटायचं, ते वेगळंच. दुकानात लहान चौकटीची दुसरी सायकल होती, त्याच्या मापाची. ती बायकी दिसते, असं नातू म्हणाला. त्याने उंचच घेतली. आता तो कचेरीच्या कोपऱ्यावरच्या मैलाच्या दगडावर पाय ठेवून चढतो आणि उतरायचं असेल तेव्हा झाडाला धरतो. हा मुलगा बी. ए.च्या वर्गात आहे. शिक्षणाने माणसाची उंचीही वाढत नाही आणि उंचीची हावही कमी होत नाही.

आबांनी घोड्याचं नाव सुलतान ठेवलं आणि दारात बारावा ओटा बांधला. अकोल्याला निघायचा दिवस गाडीवानाबरोबर कळवला होता, पोचायला तीन दिवस लागणार होते. आगगाडीच्या रुळांचं काम तेव्हा चालू होतं, पण गाडी धावत असती तरी आबा तिच्यात बसले नसते, कारण डब्यात बसलेल्या माणसाखाली घोडा दिसत नाही. ते सुलतानवर, मी भुरीवर. वाटेत मला एकच काम होतं. पुढे जाऊन उंचवटा हुडकायचा. कुठे पार, कुठे विहिरीचा काठ, कुठे रुळांसाठी टाकलेल्या मातीची रास, असं काही दिसलं की मी हात वर करायचो, मग आबा तिथे येऊन उतरायचे. बडनेऱ्याच्या पुढे एकदा दुपारी असं काहीच मिळेना. मैलामागून मैल सपाट कपाशी, आणि आबांना लघवीची घाई झालेली. चेहरा काळानिळा पडला तरी ते उतरेनात. शेवटी एका शेतकऱ्याच्या बैलगाडीशी घोडा लावून ते गाडीत उतरले. तो शेतकरी तोंडावर उपरणं धरून हसत होता. मूर्तिजापूरला मुक्कामाला मायने दिलेले शिदोरीचे धपाटे आम्ही खाल्ले. मला माझ्या बापाची लाज वाटत होती. इतकी लाज, की दुसऱ्या दिवशी मी भुरीला मुद्दाम मागे ठेवत होतो, म्हणजे आम्ही एकत्र आहोत असं कोणाला वाटू नये.

तिसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या वेळी अकोल्याची वेस दिसली. कापसाचे दिवस, त्यामुळे वेशीबाहेर गाड्यांची ही दाटी. गाडीवान, हमाल, दलाल, अमरावतीहून आलेले दोघं-तिघं ओळखीचेही. वेशीच्या कडेला काठी टेकून मोठेबाबा उभे होते. मी त्यांना ओळखलं ते आबांच्या तोंडवळ्यावरून. अंगात धुतलेली बंडी, डोक्याला नवं पागोटं. वेशीपर्यंत चालत येऊन त्यांना धाप लागली होती आणि ते छातीवर हात ठेवून श्वास घेत होते, पण आम्हाला पाहिल्यावर त्यांनी हात खाली केला आणि काठी बाजूच्या गाडीला टेकवून ठेवली. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून ठेवली, हे मला तेव्हाच कळलं. थोरला पायी समोर आला की धाकट्याने दुरूनच उतरायचं, पायाशी जायचं, आणि मग दोघांनी मिळून चालायचं. हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही.

आबांनी घोडा थांबवला. मी त्यांच्या डाव्या अंगाला होतो, त्यांचा पाय माझ्या डोळ्यांसमोर होता. त्यांनी लगाम एका हातात घेतला, पुढे वाकून घोड्याची आयाळ धरली आणि डावा पाय रिकिबीतून मोकळा केला. ते घसरत का होईना, उतरणार होते. मी आजूबाजूला पाहिलं. पार नाही, दगड नाही, सपाट मैदान आणि शेपन्नास माणसं. आता हे पोटावर घसरत खाली येणार, पागोटं पडणार, भेट होणार, आणि मग परत चढायला चार हमाल लागतील. ते ओळखीचे दोघं-तिघं वलगावपर्यंत ही गोष्ट पोचवतील. माझ्या कानात आधीच हसणं ऐकू येत होतं. मी भुरीला चिकटून पुढे घेतलं आणि हळूच म्हटलं,

"आबा, उतरू नका. येथी चढाले काईच नाई. लोकं पाहून राहिले."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या माणसांकडे पाहिलं. पाय परत रिकिबीत गेला.

मोठेबाबा तोवर जवळ आले होते. त्यांचं डोकं आबांच्या गुडघ्याला लागत होतं. म्हणजे झालं असं, की थोरला भाऊ धाकट्याच्या पायाशी उभा होता, आणि वर तोंड करून पाहत होता. त्यांचे हात पुढे आलेले होते. ते तसेच थोडा वेळ राहिले.

"उतरत नाई का रे, लहान्या?"

"घरीच उतरतो, दादा. तू व्हय पुढं."

मोठेबाबांनी मान हलवली. गाडीला टेकवलेली काठी घेतली आणि ते पुढे चालू लागले. मागे सुलतानवर आबा, त्यांच्या मागे मी. अकोल्याच्या बाजारातून आम्ही असे गेलो, म्हातारा माणूस मोतद्दारासारखा घोड्यापुढे पायी, दर वीस पावलांवर दम घ्यायला थांबणारा, आणि तो थांबला की घोडाही थांबायचा. मी उतरून त्यांच्याबरोबर चालू शकलो असतो. भुरीवरून उतरायला आणि चढायला मला कोणाची गरज नव्हती. पण आबा वर असताना मी उतरलो तर आबांचं उणं दिसेल, असं मी स्वतःला समजावलं. सोळा वर्षांच्या पोराला स्वतःला समजावायला फार वेळ लागत नाही.

घरी पोचल्यावर आबा गोठ्याच्या भिंतीवर उतरले. मग पाया पडले, पण मोठेबाबांनी ते नुसतं पडू दिलं. त्यांचे हात आता काठीवरच होते. जेवायला पातोड्यांचा रस्सा केलेला होता, लाल तर्रीचा, आणि गरम भाकरी. मोठीमायने, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोने, एक मोठं ताट मांडलं होतं दोघांसाठी. मोठेबाबांनी तिला दुसरं ताट आणायला सांगितलं. आपल्याला खोकला आहे, लहान्याला कशाला, असं कारण दिलं. चार दिवस आम्ही राहिलो. ते पिकाबद्दल बोलले, कापसाच्या भावाबद्दल बोलले, माझ्या शाळेबद्दल विचारलं. आजाचं नाव दोघांनीही काढलं नाही. निघायच्या सकाळी मोठेबाबांनी स्वयंपाकघरातलं उखळ बाहेर आणवलं आणि सुलतानच्या शेजारी उपडं घातलं. आबा त्यावर पाय ठेवून चढले. मोठेबाबा घोड्याची मान थोपटत म्हणाले, "बापानं हा घोडा वावरातूनच परत धाडला असता." त्यात टोमणा नव्हता. ते खरोखरच बापाची आठवण काढत होते, आणि आबांनी तेवढ्यावर उतरायला हवं होतं. आबा म्हणाले, येतो.

त्या हिवाळ्यात मोठेबाबा गेले. थंडीत दमा उफाळला आणि दोन दिवसांत संपलं. निरोप आला तोवर सगळं उरकलेलं होतं, आबांना तेरवीलाच जाता आलं. सुलतान तेव्हा दारातच होता. आबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, कोणाची तरी तट्टाणी मागून आणली आणि तिच्यावर निघाले, मी भुरीवर. वाटेत त्यांना कुठल्याच उंचवट्याची गरज पडली नाही, पुष्कळदा ते उगीचच उतरून पायी चालत. अकोल्याच्या वेशीपाशी आल्यावर ते उतरले. कापसाचा हंगाम ऐन भरात होता, गाड्या होत्या, माणसं होती. आबा जिथे उतरले तिथे कोणी उभं नव्हतं. तिथून घरापर्यंत ते चपला हातात घेऊन गेले.

तेरवीला सोयरेधायरे बरेच होते. पंगत बसली, आबा आणि मी शेजारी. मोठीमाय वाढायला नव्हती, ती दारात बसून होती. आबांसमोर पान आलं तेव्हा ती उठून आली आणि सगळ्यांच्या देखत आबांना म्हणाली, "भाऊजी, येकच सांगा मले. मरेस्तोवर ते हेच इचारत होते का लहान्या काहून नाई उतरला. मी त्यायले काय सांगू?"

पंगत थांबली. आबांनी पानावरचा हात मागे घेतला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर मी काय केलं असतं मला माहीत नाही, पण त्यांनी पाहिलं नाही. म्हणाले, "मस्ती आली होती, वयनी. दुसरं काई नाई."

पुढे आबा पुष्कळ जगले. कापसाचा भाव पडला, सुलतान गेला, ओट्यांवर शेरडं बसू लागली. सोयऱ्यांत आबांचं नाव घोड्यावरून न उतरलेला असंच पडलं, लग्नाकार्यात लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे आणि ते ऐकून घ्यायचे. मीही कधीकधी त्या हसणाऱ्यांत असायचो. त्यांनी मला त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. आणि त्या पंगतीत, मोठीमाय उत्तरासाठी उभी असताना, ज्याला ते उत्तर ठाऊक होतं तो मान खाली घालून भाताला वरण कालवत होता.